मांजराचे दात घासायचे तर खर्च किती? नांदेड-लातूरकरांसाठी

हाळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत बैलाचा सौदा ठरण्याआधी गिऱ्हाईक त्याचा जबडा उघडून बघतं. दोन दाती, चार दाती, जुळलेला, यावर किंमत हलते. देवणी आणि लाल कंधारीच्या या मुलखात जनावराचे दात बघणं नवीन नाही. घरातल्या मांजराचं तोंड मात्र सहसा कुणी उघडून बघत नाही. उघडलं जातं ते थेट वास सहन होईनासा झाल्यावर किंवा मांजरानं खाणं सोडल्यावर. तोवर काम ब्रशच्या हाताबाहेर गेलेलं असतं आणि बिल हजारांत पोचलेलं असतं.

आधी हिशेबाचा गाभा सांगतो. घरी दात घासायचा वर्षाचा खर्च साधारण पाचशे ते हजार रुपये. तेच भूल देऊन दात साफ करून घ्यायचे झाले तर पाच हजारांपासून पुढे धरा, आणि दाढा काढाव्या लागल्या तर त्याहून जास्त. शिवाय त्यासाठी बहुधा गावाबाहेर जावं लागतं, तो खर्च वेगळा. पुण्या-हैदराबादच्या माणसाला दोन्ही वाटा घराजवळ आहेत. आपल्याकडे दुसरी वाट लांबची, म्हणून पहिलीची किंमत जास्त.

पण ब्रश विकत घेण्याआधी तोंड तपासा. मोठ्या मांजराला 30 दात असतात, वर 16 आणि खाली 14. पिल्लाचे 26 दुधाचे दात पडून सहा-सात महिन्यांत कायमचे येतात. ओठ बाजूला सारून हिरडी बघा. फिकट गुलाबी असेल तर ठीक. दाताच्या मुळाशी लाल रेघ, पिवळं-तपकिरी किटण, लाळ गळणं, एकाच बाजूनं चावणं, तोंडात घेतलेला घास टाकून देणं, पंजानं तोंड घासणं, यातलं काही दिसलं तर ब्रश बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. ‘आमचं मांजर हातच लावू देत नाही’ असं सांगणाऱ्या घरांत पुष्कळदा मांजर हट्टी नसतं, त्याचं तोंड दुखत असतं. वयानं मोठ्या मांजरांत दात आतून विरघळत जाण्याचा एक आजार बराच आढळतो. वरून बारीक लाल ठिपका दिसतो आणि त्यावर ब्रश लागला की मांजर किंचाळतं. तो आजार घासण्यानं थांबत नाही. असा दात काढावा लागतो.

तपासणीला खासगी दवाखान्यात दोनशे ते पाचशे रुपये पडतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं, पण तिथं दिवसभर गायी-म्हशी आणि शेळ्यांची रांग. मांजर न्यायचं तर टोपलीत किंवा झाकणाच्या क्रेटमध्ये, वर कापड टाकून न्या. कुत्रं दिसलं की खांद्यावरून सुटलेलं मांजर परत मिळणं कठीण.

आता खरेदी. ही यादी छोटीच आहे आणि ती छोटीच राहिली पाहिजे.

औषधाच्या दुकानातला गॉझचा तुकडा, दहा ते तीस रुपये. सुरुवात यानंच करायची. त्यानंतर लहान बाळाचा मऊ ब्रश, सर्वांत छोट्या डोक्याचा, चाळीस ते ऐंशी रुपये. तो तीन महिन्यांनी बदलायचा. तिसरी वस्तू जनावरांसाठीची टूथपेस्ट, चिकन किंवा माशाच्या चवीची. भारतीय बनावटीची अडीचशे ते चारशेला मिळते, बाहेरची सहाशे ते हजारापर्यंत जाते. वजिराबाद, औसा रोडसारख्या भागांतल्या पेट शॉपमध्ये कुत्र्यांची पेस्ट सहज असते, मांजराची मागवावी लागते. पुष्कळशा पेस्ट दोघांनाही चालतात, मात्र नळीवर मांजराचं नाव किंवा चित्र असल्याची खात्री करून घ्या आणि झायलिटॉल लिहिलेलं असेल तर घेऊ नका. दरात दुकानागणिक पन्नास-शंभर इकडेतिकडे होतील.

पेस्ट घेताना मोठी नळी स्वस्त पडते म्हणून उचलू नका. एका वेळेला तुरीच्या दाण्याएवढी पुरते. त्या हिशेबानं मोठी नळी संपण्याआधी तिची मुदत संपते. आपल्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली पेस्ट पातळही होते, तेव्हा थंड जागी ठेवा.

बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश दुकानदार आग्रहानं दाखवतो. माझं मत विचाराल तर तो घेऊ नये. कुत्र्याच्या तोंडासाठी तो ठीक. मांजराच्या गालात बोट आणि वर सिलिकॉन मावत नाही, आणि चावा बसला तर त्यातून दात आरपार जातो. ब्रश, पेस्ट, आरसा असा ‘डेंटल किट’चा डबाही नको, त्यातला निम्मा माल पडून राहतो.

घरातल्या उपायांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. माणसाची टूथपेस्ट वापरायची नाही. मांजर चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि त्यातलं फ्लोराइड व फेसाचा साबण पोटात जातो. मीठ, खाण्याचा सोडा, लिंबू नको. लवंगेचं तेल तर अजिबात नको. आपल्या दाढेला ते आराम देतं, पण मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. मिसरी लावणारी घरं अजून आहेत, त्यांनी तो डबा मांजरापासूनही लांब ठेवावा, कारण तंबाखू त्याच्यासाठी विष आहे. आणि दात दुखतोय वाटून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. माणसाची 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते.

मुख्य काम पुढं आहे. त्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

घासण्याचा पहिला आठवडा घासायचंच नाही. रोज ठरावीक वेळेला, जेवणाच्या जरा आधी, मांजर भुकेलं पण शांत असताना बोटावर पेस्टचा ठिपका घेऊन चाटू द्या. पेस्ट आवडली नाही तर चिकन उकडलेलं पाणी चालेल, पण त्यात कांदा, लसूण, मीठ नको. चाटून झालं की लगेच जेवण. मांजराला एवढंच कळलं पाहिजे की हे बोट आलं की मागून ताटली येते.

दुसऱ्या टप्प्यात गालावरून बोट फिरवा, मग ओठ हलकेच वर करून सुळ्याला बोट लावा आणि सोडा. दोन सेकंद. मांजरानं मान फिरवण्याआधी आपण थांबायचं. ही गोष्ट साधली की अर्धं काम झालं. बहुतेकांचं इथंच बिघडतं. मांजर गप्प बसलंय म्हणून लोक पुढं रेटत जातात आणि ते उसळलं की सोडून देतात. त्यातून मांजर शिकतं की उसळलं की सुटका होते. शेपटी आपटायला लागली, कान मागं गेले, कातडी थरथरली, की त्या दिवशीचं काम संपलं असं समजा.

मग बोटाला गॉझ गुंडाळून वरच्या दाढांच्या बाहेरून एकदा फिरवा. मांजराचं तोंड उघडायची गरज नाही. आतली बाजू त्याची खरखरीत जीभ बऱ्यापैकी सांभाळते. किटण साठतं ते बाहेरच्या बाजूला, विशेषतः वरच्या मागच्या दाढांवर, कारण लाळेची नळी तिथंच गालात उघडते. म्हणून सगळे 30 दात घासण्याच्या फंदात पडू नका. दोन्हीकडच्या वरच्या दाढा आणि सुळे झाले तरी मोठा भाग झाला. पुढचे बारीक दात शेवटी घ्या, तिथं हात नाकाजवळ जातो आणि तेच मांजराला खपत नाही.

ब्रश येतो तो यानंतर, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. मांजराला मांडीवर किंवा कट्ट्यावर पाठमोरं बसवा. समोरून तोंडाशी येणारा हात त्याला हल्ल्यासारखा वाटतो. डावा तळवा डोक्यावर ठेवून अंगठ्यानं ओठ वर उचला, मिशा ओढल्या जाणार नाहीत हे बघा. ब्रशचे केस हिरडी आणि दात मिळतात त्या रेघेवर तिरके टेकवा आणि छोटे गोल फिरवा. एका बाजूला दहा-पंधरा सेकंद पुरेत. आज उजवी, उद्या डावी, असं केलं तरी चालतं. पहिल्या दिवसांत ब्रशवर किंचित रक्त दिसलं तर दाब कमी करा. आठवडाभर तेच होत राहिलं तर हिरडी सुजलेली आहे, ती दाखवून घ्या.

टॉवेलात गच्च गुंडाळून दात घासायचा सल्ला मिळेल. औषध पाजायला एखाद्या वेळी ते ठीक. रोजच्या कामाला नाही, कारण मग टॉवेल दिसला तरी मांजर माळ्यावर जाऊन बसतं. मानेची कातडी धरून उचलणं तर नकोच. चार-सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असताना हिरड्या हुळहुळतात, तेव्हा ब्रश न लावता फक्त बोटाची सवय ठेवा.

किती वेळा घासायचं? रोज. दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो आणि एकदा तसा झाला की घरचा ब्रश तो काढू शकत नाही. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड करा. आठवड्यातून एकदा घासणं म्हणजे पेस्ट चाटवणं, त्याला खर्च म्हणावा, उपाय म्हणवत नाही.

दोन महिने नीट प्रयत्न करूनही मांजर ऐकत नसेल तर ब्रश सोडून द्या, माझं असं स्पष्ट मत आहे. रोजच्या झटापटीनं मांजर तुमच्यापासून लांब राहायला लागलं तर त्याचं पुढचं आजारपणही तुमच्या लक्षात येणार नाही. गॉझनं दोन दाढा पुसता आल्या तरी बिनकामाचं नाही. दातांसाठीचं खाद्य, चघळायचे तुकडे, पाण्यात टाकायचं द्रावण हे पर्याय आहेत, पण ते ब्रशच्या मागंच राहतात. त्यात निवडायचंच असेल तर पाकिटावर अमेरिकेतल्या ‘व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल’ची मोहोर आहे का बघा. ती चाचणीत उतरलेल्या मालालाच मिळते. साधं कोरडं खाद्य खाल्लं की दात आपोआप साफ होतात हा समज मात्र खोटा. मांजर बरेचसे दाणे न चावताच गिळतं.

आता मोठ्या खर्चाचं. दगड झालेलं किटण काढायला पूर्ण भूल लागते. जागं मांजर धरून नखानं किंवा हत्यारानं किटण खरवडून देणारा कुणी भेटला तर नको म्हणा. वरून दात चकचकीत दिसतात, पण आजार हिरडीच्या आत तसाच राहतो. भुलीआधी रक्ततपासणी, म्हणजे किडनी, यकृत आणि रक्तपेशी, याचे हजार ते दोन हजार. सफाईचे पुण्यात किंवा हैदराबादेत पाच ते दहा हजार. दातांचा एक्स-रे आणि दात काढणं वेगळं.

तिकडं जाण्याआधी जवळचं विचारून बघा. उदगीरला आणि परभणीला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि दोन्हीकडं उपचाराचा विभाग आहे. लातूरकराला उदगीर आणि नांदेडकराला परभणी, दोन्ही एका दिवसात जाऊन येण्याजोगी. तिथलं शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी असतं. निघण्याआधी फोनवर इतकं विचारा: मांजराला भूल देऊन दात साफ करता का, त्यासाठीचं अल्ट्रासॉनिक यंत्र चालू आहे का, भूल इंजेक्शनची की गॅसची, कोणत्या वारी डॉक्टर असतात, आणि मांजर उपाशी किती तास ठेवायचं. खासगीत विचाराल तेव्हा सांगितलेल्या रकमेत रक्ततपासणी, भूल, दात काढणं आणि घरची औषधं धरली आहेत का, हे एकेक करून विचारा आणि आकडा लिहून घ्या. बिलावरची भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात.

शेवटी एक खर्च, जो कुणी धरत नाही. मांजर चावलं तर जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण आत खोल जाते आणि एका दिवसात सुजू शकते. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराला रेबीजची लस दिलेली असली तरी दाखवा, आणि दिलेली नसेल तर घासण्याची सवय लावण्याआधी ती देऊन घ्या, दोन-चारशे रुपयांचं काम आहे. माणसाची रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते: नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. रक्त आलं असेल तर लस दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, आणि सांगितलेले सगळे डोस पुरे करा.