किल्ली कोणाकडे?

पहिल्या संध्याकाळी चाळीसेक पोरं आली होती. वस्तीतलं समाजमंदिर, तीन कॅरम बोर्ड, दोन फुटबॉल, गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी, आणि फी एक पैसाही नाही. आठ महिन्यांनी त्याच दाराला कुलूप लागलं. पुण्यातल्या एका वस्तीत मुलांसाठी काढलेल्या फुकट क्लबची ही माझीच हकीकत. असं काही सुरू करायला निघालेल्यांनी ती आधी ऐकावी.

कुलूप एका दिवसात लागलं नाही. क्लब चालवणारे आम्ही चौघंही नोकरदार. दार कधी सहाला उघडायचं, कधी साडेसातला, कधी उघडायचंच नाही. पोरं पायरीवर बसून राहायची, मग हळूहळू यायची थांबली. जागेची परवानगी तोंडीच होती. गणपतीच्या आधी मंडळाच्या मांडवाचं सामान आत आलं ते दसऱ्यापर्यंत हललं नाही. पोरांनी एकदा विचारलं, "ताई, उद्या नक्की ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर नव्हतं.

मुली तर जवळपास आल्याच नाहीत. घरून पाठवत नाहीत, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, साडेपाचला नळाला पाणी येतं. आई धुण्याभांड्यांच्या कामावरून परतलेली नसते. हंडे मुलीने भरायचे, धाकटं भावंडही तिनेच सांभाळायचं. आणि आमची वेळ होती सहाची!

नागपूरच्या विजय बारसे यांची गोष्ट ‘झुंड’ (२०२२) या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असताना, २००१मध्ये, भर पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी चेंडू दिला. पुढे झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा उभ्या राहिल्या. चेंडू येण्याआधी खेळ तिथे होताच, हे मला फार मोलाचं वाटतं. आम्ही मात्र वस्तीत काय चालतं हे न बघताच कॅरम घेऊन गेलो.

मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६मध्ये ऑस्कर फाउंडेशनचं काम सुरू केलं. ते त्याच वस्तीत वाढलेले. शाळा नाही तर फुटबॉल नाही, हा त्यांचा नियम. फुकट म्हणजे बिनअटीचं नव्हे, आणि अट घालणारा माणूस गल्लीतला असला की ती जाच वाटत नाही. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेने २०१२पासून मुलींना फुटबॉल खेळायला मैदानावर आणलं. तिथे मुलींसाठी मैदानावरची जागाच मागावी लागली. मुलांच्या क्लबात मुलींना "तुम्हीही या" म्हणून भागत नाही.

हे काम फावल्या वेळाचं नाही, हे मुंबईला शंभर वर्षांपूर्वी कळू लागलं होतं. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७मध्ये नागपाड्यात नेबरहुड हाऊस उघडलं. १९३६मध्ये त्याच वास्तूत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. वस्तीत काम करायला शिकलेली, पगारी माणसं लागतात, हा त्यामागचा विचार. आम्ही वर्गणीतून बोर्ड घेतले, स्ट्रायकर घेतले. माणसासाठी एक रुपया बाजूला काढला नव्हता.

म्हणून पहिला खर्च माणसावर करावा. जागेची परवानगी लेखी घ्यावी, सणासुदीचे दिवस त्यातच लिहून घ्यावेत. कुणाही पुढाऱ्याचा फलक भिंतीवर नको. नाहीतर पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या गटाची मुलं यायची बंद होतात. खोलीत एका वेळी दोन मोठी माणसं हवीतच. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर दारावर मोठ्या अक्षरांत असावा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘वस्तीतलं वस्तीतच मिटवू’ म्हणणाऱ्यांचं तिथे ऐकायचं नाही.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा सुरुवात केली. आठवड्यातून तीनच दिवस, पण ठरलेले. मुलींची वेळ चार ते सव्वापाच, धाकट्या भावंडांसाठी कोपऱ्यात सतरंजी. किल्ली वस्तीतल्याच एकोणीस वर्षांच्या मुलीकडे, दरमहा मानधनावर. सव्वापाचला ती शिट्टी वाजवते, मुली हंडे भरायला पळतात, आणि बाहेर ताटकळलेले मुलगे चेंडू मागायला आत येतात.