गहू वर्ज्य असलेल्या मुलांसाठी फराळाची परडी

दिवाळीच्या सुमारास पुणे शहरात तयार फराळाला मोठी मागणी असते, आणि ती पुरविण्यात जिल्ह्यातील महिला बचत गटांचाही वाटा आहे. या मागणीत आता एक निराळी मागणी मिसळू लागली आहे. ती म्हणजे गव्हाचा अंशही नसलेल्या फराळाची. काही गिऱ्हाइके ती हौसेने करतात हे खरे. परंतु सिलिॲक रोग असलेल्या मुलाच्या घरी ती पथ्याची बाब असते, आणि हे पथ्य जन्मभराचे असते.

गहू, जव व राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. या रोगात त्यामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मूल वारंवार जुलाबाने बेजार होते, पोट फुगते, वाढ खुंटते, अंगात रक्त कमी राहते. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या युद्धकालीन उपासमारीत तेथे गहू दुर्मीळ झाला, तेव्हा असली मुले सुधारली, आणि तो संशय बळावला. त्यांचा प्रबंध १९५० साली पुरा झाला. असे मूल गावात आढळल्यास कार्यकर्त्याने त्याचा गहू परस्पर बंद करावयास सांगू नये. गहू आधीच सोडला तर रक्ताच्या तपासणीत रोग लपून राहण्याचा संभव असतो. प्रथम डॉक्टरांकडे न्यावे, पथ्य त्यानंतर.

परडी भरावयास आपल्याकडे जिन्नसांची वाण नाही. मावळ, मुळशी व भोरचा तांदूळ, डोंगरउतारावरची नाचणी, पूर्वेकडील तालुक्यांतील ज्वारी-बाजरी, हरभरा, राजगिरा, शेंगदाणा व तीळ, यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. पोह्यांचा चिवडा, डाळीच्या पिठाची शेव, बेसनाचे लाडू, राजगिऱ्याची वडी, नाचणीचे लाडू हे पदार्थ मुळातच चालणारे आहेत. मात्र बेसनाचा लाडू रवाळ व्हावा म्हणून कित्येक घरी त्यात मूठभर रवा टाकतात, तो टाळला पाहिजे. चकलीची भाजणी १ किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, शिवाय धने व जिरे अशी घ्यावी. तीत गहू मुळीच घालू नये. करंजी, चिरोटे व शंकरपाळे यांना मैद्याचा चिवटपणा लागतो. तांदळाच्या पिठात त्यांची नक्कल करून तुटके जिन्नस परडीत भरण्यापेक्षा ते वगळणेच बरे.

त्यांची उणीव अनारसा उत्तम भरून काढतो. जुना तांदूळ तीन दिवस भिजत घालावा व रोज पाणी बदलावे. नंतर उपसून सावलीत कापडावर पसरावा आणि थोडा दमट असतानाच दळून बारीक चाळावा. त्यात पिठाच्या बरोबरीने किंवा किंचित कमी, वजनाने, चिरलेला गूळ मळून गोळे डब्यात चार-आठ दिवस मुरू द्यावेत. खसखशीवर थापलेला अनारसा मंद आचेवर, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता तळावा. घाईच्या माणसाचा हा पदार्थ नव्हे.

खरी अडचण पाककृतीत नसून गिरणीत व कढईत आहे. ज्या गिरणीत गहू दळला जातो तिच्यात तांदूळ दळला, तर गव्हाचे पीठ त्यात उतरतेच; आधी दोन पायल्या ज्वारी दळून घेतल्याने ते पीठ खात्रीचे होत नाही. यास्तव गटाने अशा फराळासाठी घरघंटी वा जाते निराळे ठेवावे. चाळणी, लाकडी पोळपाट व तळणीचे तेलही निराळे असावे. बाजारातील हिंगाच्या पुडीत पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते; वेष्टन वाचावे, नाहीतर हिंगाऐवजी जिरे-ओव्यावर भागवावे. चिवड्यातील डाळे चालते, दलिया चालत नाही; दोन्हींच्या नावांत गफलत होऊ देऊ नये.

शेतकऱ्याचा संबंध याहूनही आधी येतो. रब्बी ज्वारी व गहू यांची मळणी साधारण एकाच हंगामात, बहुधा एकाच यंत्रावर होते व माल जुन्याच बारदानात भरला जातो. असा माल या कामासाठी द्यावयाचा तर यंत्र झाडून घ्यावे, पोती नवी वापरावीत आणि गटाने धान्य हाताने निवडावे. खपली गव्हाविषयी येथे स्पष्ट सांगणे भाग आहे. खपली पचावयास हलकी म्हणून शहरात चढ्या भावाने खपते. तथापि ती गहूच आहे व तीत ग्लुटेन आहे. या मुलांना चालेल असे सांगून ती विकणे म्हणजे त्यांना अपाय करणे होय.

वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापण्यापूर्वीही विचार करावा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा पदार्थात ग्लुटेन दर किलोस २० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये, आणि हे प्रयोगशाळेतील तपासणीवाचून कळत नाही. तपासणी झाली नसेल तर कोणते जिन्नस घातले, पीठ कोठे दळले व त्याच ठिकाणी गहू हाताळला जातो काय, एवढेच खरे लिहावे. अर्धा भाव कमी मिळाला तरी चालेल.

पुण्यात मुले किल्ले करताना एकमेकांच्या घरी फराळ करतात, आणि तेथेच पथ्याचे मूल बाजूला पडते. यास्तव घेणाऱ्यांना सुचवावे की, वाड्यातील वा सोसायटीतील साऱ्या मुलांना हीच परडी द्यावी. प्रत्येक जिन्नस झाकणाच्या डब्यात असावा. करंज्यांच्या ताटाशेजारी परडी उघडी ठेवू नये, चुरा पडतो. संक्रांतीच्या बोरन्हाणासाठीही गटांना असेच काम मिळू शकेल. बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या व हलवा हे त्यातील जुने जिन्नस गव्हाचे नाहीतच. त्यांत अलीकडे शिरलेली बिस्किटे तेवढी काढावी लागतील.