बिब्बा उततो, मग गोडंबी का चालते?

प्रश्न : बिब्बा अंगाला लागला की फोड येतात. मग त्यातलीच गोडंबी डिंकाच्या लाडवात कशी चालते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बिब्बा (सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम) हा आंबा-काजूच्या कुळातला पानझडी वृक्ष. नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडच्या जंगलांत तो आढळतो. हिवाळ्यात केशरी, मांसल देठावर काळे, चकचकीत, हृदयाच्या आकाराचे फळ धरते. विष असते ते या फळाच्या टरफलात. टरफलाच्या पोकळ्यांमध्ये दाट तेल भरलेले असते आणि त्यात भिलावनॉल ही द्रव्ये असतात. परीट याच तेलाने कपड्यांवर न पुसणारी खूण करत.

ही द्रव्ये त्वचेतील प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्यांना परके समजून प्रतिकार करते. म्हणून खाज, सूज व फोड बहुधा एक-दोन दिवसांनी उठतात. ज्यांना बिब्बा उततो, त्यांना आंब्याचा चीकही बाधू शकतो. गोडंबी म्हणजे आतला गर. त्यात हे तेल नसते. मात्र फोडताना तेल लागलेली गोडंबी बाधते.

तेल लागल्यास जागा लगेच साबणाने धुवावी, खाजवू नये. डोळे किंवा चेहरा सुजल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे.