शाळा उघडते तेव्हाच मासेमारी बंद

प्रश्न : हर्णैहून मासळी आणणाऱ्या मावशींची मुलगी यंदा नववीत जाईल. तिचा शिक्षणाचा खर्च उचलायचाय. मदत कशी करावी?

उत्तर : पैसे मे महिन्यातच द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि शाळा नेमकी जूनमध्ये उघडते. वह्या, गणवेश, दप्तर, सगळं एकदम अंगावर येतं. मग उधारी, नाहीतर कानातलं गहाण. मोफत शिक्षणाचा कायदा आठवीपर्यंतच. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास मात्र बारावीपर्यंत मोफत मिळतो, तो आधी काढून घ्या. बारावीपर्यंत निभावेल एवढीच रक्कम ठरवा, मावशींच्याच हाती द्या. मुलीचे फोटो ग्रुपवर नकोत, कृपा करा! थेट व्यक्तीला दिलेल्या पैशांवर देणगीची करसवलत मिळत नाही.