तामण लाव, कळलावी राहू दे

कुडाळ,
चैत्र वद्य पंचमी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

दोन फोटो पाठवलेस आणि खाली एवढंच विचारलंस, "आत्या, यातलं कुठलं लावू?" एकात तामणाचे जांभळे तुरे, दुसऱ्यात कळलावीचं लाल-पिवळं फूल. मोबाइलवर दोन्ही सारखीच मोठी दिसतात, तिथेच गोची होते. तामण हा तीस-चाळीस फूट सहज जाणारा वृक्ष. कळलावी हा पावसाबरोबर उगवून दिवाळीच्या सुमारास वाळणारा वेल. कंद तेवढा जमिनीत जिवंत राहतो. तामण लावलंस तर ती जागा तुझ्या लेकीच्या म्हातारपणापर्यंत त्याची झाली. कळलावीला जागा फारशी लागत नाही, पण ती अर्धं वर्ष डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची काळजी घेणं आपल्याला जड जातं. म्हणून रंग बाजूला ठेव आणि आधी आपला प्लॉट डोळ्यांसमोर आण.

तामण महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे, पण त्यासाठी ते लाव असं मी म्हणणार नाही. सरकारने मान दिला म्हणून कुठलं झाड अंगणात चांगलं वाढत नाही. मी सांगते ते त्या खालच्या कोपऱ्यामुळे. जिथे पावसाळ्यात पाणी साचतं आणि गवंडी भराव घालायला सांगतोय, तिथे. तामण मूळचं ओहोळाच्या, नदीच्या काठचं. आंबा-काजूला नको असलेली ओल त्याला चालते. भराव घालू नकोस, पैसे वाचतील. मात्र खाली जांभ्याचा कातळ लागला तर तीन फूट खोल खड्डा फोडून घे आणि त्यात माती, शेणखत भर. भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब, सेप्टिक टँकपासून त्याहून लांब, आणि वर विजेची तार नको. तार असली की दरवर्षी मे महिन्यात फांद्या तोडायला माणसं येतात, आणि तामण तेव्हाच फुलात असतं.

हे नीट समजून घे. तामणाला नव्या फुटव्याच्या टोकाला फूल येतं. थंडीत पानं तांबूस होऊन गळतात, बोंडं तडकून पंखवालं बी उडतं, मग नवी पालवी आणि तिच्या शेंड्याला एप्रिल-मेमध्ये तुरे. छाटायचंच असेल तर बोंडं फुटल्यावर, पालवी यायच्या आत. आणि धीर धर. रोपाला फूल यायला चार-सहा वर्षं जातात. "कमी कटकटीचं काहीतरी सांग," असं म्हणणाऱ्यांना नर्सरीवाले पाम देतात. त्यांना त्यात सुख असेल तर असो.

आता कळलावी. झिंबाब्वेचं हे राष्ट्रीय फूल, तामिळनाडूचं राज्यपुष्प. तामिळनाडूत औषधी बियांसाठी तिची शेतीही होते. आपल्याकडे मात्र घराजवळ नको, भांडणं होतात, असं म्हणणाऱ्या बायका अजून भेटतात. भांडणांचं सोड, खरी भीती विषाची आहे. सगळ्या झाडात कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत जास्त. संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर तेच देतात, अगदी मोजून. कंद रताळं समजून खाल्ल्याने श्रीलंकेत माणसं दगावली आहेत. तुझी पोर दोन वर्षांची, दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयाची. तेव्हा कुंडीत, पायरीजवळ, खिडकीखाली कळलावी लावायची नाही. हे मी आत्या म्हणून नाही, वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई म्हणून सांगतेय.

तरी ती तुझ्या जागेत राहायला हवी. राहायला म्हणतेय, लावायला नाही, कारण ती तिथे आहेच. मागच्या गडग्यात, करवंदीच्या जाळीत, श्रावणात फुललेली मी पाहिलीय. पानाचं टोक लांबून त्याची दोरी होते आणि ती सापडेल त्या काटकीला वेढे घालत वर चढते, म्हणून तिला जाळीच लागते, मांडव नको. फूल आधी हिरवट-पिवळं, पाकळ्या मागे वळलेल्या; मग खालून पिवळं राहून टोकं लाल होत जातात आणि शेवटी सगळंच लाल. एकाच वेलावर सगळे रंग एकदम दिसतात. आपल्याकडे गणपतीच्या माटवीला बांधायला पोरं ती शोधत रानात फिरायची, आणि फुलंच तोडायची, कंद नाही. हल्ली कंदच उपटून नेतात. तो नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, कोंब येतो तो टोकाला, आणि उपटताना तेच टोक मोडतं. म्हणजे रानातूनही गेली आणि घरीही उगवली नाही.

आत्ता चैत्रात गडग्याशी काहीच दिसणार नाही. नुसते दगड आणि वाळका पाचोळा. जेसीबीवाला "बाई, साफ करून देतो" म्हणेल, आणि चिऱ्याच्या नव्या कंपाउंडसाठी तो पट्टा खरवडला की कंद संपले. तणनाशक तर त्या बाजूला आणूच नकोस. पोर मोठी होईपर्यंत गडग्याच्या अलीकडे चार हातांवर बांबूचं कुंपण घाल. पावसाळा सरता सरता हिरवी बोंडं धरतील, ती तडकून आत लालभडक बिया दिसायच्या आधी हातमोजे घालून खुडून पुरून टाक. मुलांचं लक्ष त्या लाल बियांवरच जातं. पोर कळती झाली की तिला फूल दाखव आणि विषही सांग, दोन्ही एकाच वेळी.

रोपासाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचार. खासगी नर्सरीत तामण मागितलंस की त्याच्याच कुळातली विदेशी, बारीक पानांची फुलझाडं गळ्यात मारतात. खऱ्या तामणाचं पान वीतभर असतं, ते पाहूनच पैसे दे. खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू दे, रोप पहिल्या दोन पावसांनंतर. आणि जेसीबी यायच्या आदल्या दिवशी मला फोन कर, मी येऊन गडग्यापाशी उभी राहते.

तुझी,
आत्या