दातांचे पत्ते

बालमित्रांनो, दंतवैद्य प्रत्येक दाताला दोन आकडी पत्ता देतात. पहिला आकडा विभागाचा: आपल्या उजवीकडे वर १, डावीकडे वर २, डावीकडे खाली ३, उजवीकडे खाली ४. दुसरा आकडा मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजायचा: सुळा ३, पहिली मोठी दाढ ६, अक्कलदाढ ८. दुधाच्या दातांचे विभाग ५ ते ८.

म्हणून १६ म्हणजे ‘एक-सहा’: वरची उजवी पहिली मोठी दाढ. अमेरिकन पद्धतीत मात्र सलग १ ते ३२. तिथे १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ!

पालकहो, सौदीत आपल्याला निरनिराळ्या देशांत शिकलेले डॉक्टर भेटतात. इथली चिठ्ठी सुट्टीत भारतात दाखवताना पद्धत जरूर विचारूया. काढलेली दाढ परत येत नाही.

मुलांनो, पहिला हलणारा दात बहुधा ७१ किंवा ८१. तुमचा कोणता?