घरचा अभ्यास : वाळवलेल्या टमाट्यांचा हिशोब



मागच्या उन्हाळ्यात आपल्या कुटुंब-गटांमध्ये एक संदेश खूप फिरला. वाळलेल्या टमाट्यात ताज्यापेक्षा चौदापट पोटॅशियम आणि सोळापट प्रोटीन असतं, रोज मूठभर खा, बी.पी. उतरेल, रक्त वाढेल, असं त्यात होतं. खाली लाल लाल टमाट्यांचा सुंदर फोटो. आम्हीही तो चार गटांमध्ये पुढे पाठवला. आज आधी त्याबद्दल माफी मागतो आणि मग अभ्यासाला लागतो. त्यातले आकडे खोटे नव्हते. त्यांचा अर्थ लावताना चूक झाली, आणि ती आमच्याच घरात आमच्या लक्षात आली.

*आमच्या घरी काय झालं*

नागोबाची जत्रा झाली की आपल्याकडे उन्हं तापायला लागतात. त्याच सुमारास गुडीहतनूर, इंद्रवेल्लीकडचे टमाटे बाजारात उतू जातात. भाव इतका पडतो की शेतकऱ्याला तोडणीची मजुरीही सुटत नाही. पुढे पावसाळ्यात तोच टमाटा हाताला लागत नाही. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो किलोला दीडशे रुपयांच्या पुढे गेला होता, ते कोणीच विसरलेलं नाही. म्हणून स्वस्ताईत घ्यावा, वाळवावा, वर्षभर वापरावा, हा विचार अगदी बरोबर आहे. आपल्या आज्या-पणज्या गवार, वांगी, कारली अशीच वाळवायच्या. कोणाकडे त्याला उसऱ्या म्हणतात, कोणाकडे खुला, तर तेलुगू शेजारणी वरुगुलु म्हणतात.

आम्ही शेजारणीकडून शिकलेली रीत वापरली. टमाटे चिरून मिठात मुरवायचे, सुटलेलं पाणी वेगळं ठेवायचं, फोडी उन्हात घालायच्या आणि संध्याकाळी परत त्याच पाण्यात बुडवायच्या. असं पाणी संपेपर्यंत करायचं. लोणच्यासाठी ही रीत उत्तमच आहे. पण आम्ही त्या फोडी बरणीत भरल्या आणि सासूबाईंना दुपारी खायला देऊ लागलो. त्यांचं वय ७८, बी.पी.ची गोळी चालू, तोंडाला चव नाही. आंबट-खारट फोडी त्यांना फार आवडल्या. मूठभर म्हणता म्हणता बरणी अर्धी झाली.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पायावर सूज आली. बी.पी. नेहमीपेक्षा बरंच वर गेलं. डॉक्टरांनी गोळ्या पाहिल्या, त्या बरोबर होत्या. मग विचारलं, "खाण्यात नवीन काय आलं?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितलं, वाळलेले टमाटे. त्यांचा पुढचा प्रश्न, "मीठ किती घातलं होतं?" आम्ही म्हटलं, "अंदाजाने." ते एवढंच म्हणाले, "घरी जाऊन तो अंदाज एकदा मोजा."

*मिठाचा हिशोब*

आम्ही मोजला. १ किलो टमाट्याला आमच्या हातून ३० ग्रॅम मीठ पडत होतं. १ किलो टमाट्याला ते जास्त वाटत नाही. पण ताज्या टमाट्यात साधारण ९४ टक्के पाणीच असतं. ते उडून गेलं की १ किलोचे जेमतेम ६५ ग्रॅम उरतात. मीठ मात्र उन्हाने उडत नाही. म्हणजे आमच्या बरणीत ६५ ग्रॅम टमाटा आणि ३० ग्रॅम मीठ होतं. जवळजवळ तिसरा हिस्सा मीठच! सासूबाईंची मूठ साधारण २० ग्रॅमची. तीत ६ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आमच्या घरी ते एका मुठीतच ओलांडलं जात होतं. वरण, भाजी, पापड वेगळेच.

बरणी बंद केली आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मीठ कमी केलं. दोन आठवड्यांत सूज उतरली. रक्त तपासलं, किडनी ठीक निघाली. सुटलो. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, कारण तोच संदेश आम्ही किती घरांमध्ये पोचवला होता.

*मग वाळलेल्या टमाट्यात असतं तरी काय?*

खूप काही असतं, ते नीट समजून घेऊ. खालचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषण-तक्त्यातले आहेत. आधी एक गोष्ट मनात पक्की करा. १०० ग्रॅम वाळलेले टमाटे म्हणजे साधारण दीड किलो ताजे टमाटे. तक्त्यात दोन्हीचे १०० ग्रॅम शेजारी शेजारी ठेवलेले असतात, म्हणून वाळलेला 'चौदापट' दिसतो. उन्हाने त्यात नवीन काही घातलेलं नसतं. पाणी गेलं म्हणून जे होतं ते दाट झालं, जसं दूध आटवलं की खवा होतो.

▪️ *पोटॅशियम :* ताज्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २३७ मिलिग्रॅम, वाळलेल्यात सुमारे ३,४२७. हे क्षार उन्हाने जात नाहीत, जवळजवळ सगळे टिकतात. १० ग्रॅम फोडींमधून सुमारे ३४० मिलिग्रॅम मिळतं. निरोगी माणसाला हे चांगलंच आहे.

▪️ *प्रोटीन :* १०० ग्रॅममध्ये १४ ग्रॅम, म्हणजे दुधाच्या चौपट. पण १०० ग्रॅम खातं कोण? १० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमही भरत नाही. त्यामुळे दूध, डाळ, शेंगदाणे यांची जागा टमाटा घेऊ शकत नाही.

▪️ *चोथा, म्हणजे फायबर :* १०० ग्रॅममध्ये सुमारे १२ ग्रॅम. पोट साफ राहायला मदत होते. मात्र वाळलेलं खाल्लं की वरून पाणी प्यायलाच हवं.

▪️ *लायकोपीन :* टमाट्याला लाल रंग देणारं द्रव्य. वाळलेल्याचा खरा मान इथेच आहे. ताज्या १०० ग्रॅममध्ये सुमारे अडीच मिलिग्रॅम, वाळलेल्यात सुमारे ४६. ते शरीरातल्या पेशींची झीज रोखायला मदत करतं. ते तेलात विरघळतं, म्हणून फोडणीत घातलेला टमाटा कोरड्या फोडीपेक्षा जास्त अंगी लागतो. आपली फोडणीची रीत इथे कामी येते. मात्र याने कॅन्सर बरा होतो असा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका.

▪️ *व्हिटॅमिन सी :* इथे उन्हाळी वाळवण हरतं. दीड किलो ताज्या टमाट्यात २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, वाळल्यावर ४० च्या आत उरतं. पाचातला एक हिस्साही राहत नाही. ऊन आणि हवा दोन्ही त्याचे शत्रू. ते मिळवायला लिंबू, आवळा, पेरू, ताजा टमाटा खावा.

▪️ *व्हिटॅमिन ए :* शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए होतं ते कॅरोटीनही उन्हात बहुतेक जातं. त्यासाठी गाजर, शेवगा, पालेभाजी आहेच.

▪️ *लोह :* १०० ग्रॅममध्ये ९ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणून 'रक्त वाढतं' अशी समजूत. १० ग्रॅममध्ये ते १ मिलिग्रॅमही होत नाही. आपल्या देशातल्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ज्या मुली-सुनांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडून टमाट्यावर विसंबू नये. ही चूक महागात पडते.

▪️ *साखर :* तीही दाट होते. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३७ ग्रॅम. चमचाभराने काही बिघडत नाही, पण डायबिटीस असणाऱ्यांनी सुक्या मेव्यासारखं येता-जाता तोंडात टाकू नये.

*कोणी जपून खावं*

किडनीचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊच नये. त्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, आणि रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बी.पी. आणि हृदयाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. म्हणून अशा गोळ्या चालू असणाऱ्यांनी मीठ न घातलेले टमाटे खातानाही एकदा विचारून घ्यावं. ज्यांना आंबटाने छातीत जळजळ होते त्यांनी रात्री टाळावं.

*आता आम्ही असे वाळवतो*

१) पिकलेले पण घट्ट, गरदार, लांबट टमाटे घ्यावेत. रसाळ गावरान टमाटा वाळायला वेळ लावतो आणि बुरशी धरतो. फुटलेला, डागी टमाटा आमटीत टाकावा, वाळवणात नको.

२) धुऊन, पुसून, अर्ध्या बोटापेक्षा पातळ चकत्या कराव्यात. बिया आणि पाणी काढलं तर लवकर वाळतात. ते पाणी फेकू नका, त्याच दिवशी सारात घाला.

३) मीठ १ किलोला ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, तोही सपाट. घरात बी.पी.चं माणूस असेल तर अजिबात नको. आपल्याकडचं एप्रिलचं कोरडं ऊन पातळ चकतीला पुरेसं आहे.

४) स्वच्छ सुती कापडावर किंवा जाळीवर, बाजेवर उंच ठेवून वाळवावं. वरून पातळ मलमल. रस्त्याच्या कडेला धूळ आणि धूर बसतो, म्हणून गच्चीच बरी. दुपारी एकदा उलटावं, संध्याकाळी घरात घ्यावं. आभाळ असेल त्या दिवशी सुरुवातच करू नये.

५) तीन ते पाच दिवसांत चकती चामड्यासारखी होते. मधोमध दाबली तर ओल लागू नये. पूड करायची असेल तर कुरकुरीत होऊ द्यावी.

६) काचेच्या बरणीत अर्धीच भरून आठवडाभर रोज हलवावी. आतून वाफ दिसली तर परत उन्हात. काळा-हिरवा ठिपका दिसला तर तेवढीच फोड काढून चालत नाही, त्या बरणीतलं सगळंच टाकून द्यावं. जिवावर येतं, पण टाकावं.

७) तेलात लसूण घालून बाहेर ठेवू नये. त्यात दिसत नाही, वासही येत नाही, असं विष तयार होऊ शकतं.

*वापर कसा करावा*

माणशी एक ते दोन चमचे, म्हणजे ५ ते १० ग्रॅम पुरे. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वरणात, खिचडीत, वांग्याच्या भाजीत घालावं. भिजवलेलं पाणीही त्यातच जाऊ द्यावं. आमच्याकडे जवसाची चटणी आवडते. भाजलेले जवस अर्धी वाटी, वाळले टमाटे पाव वाटी, चार सुक्या मिरच्या, थोडं जिरं, चमचाभर तेलावर परतून खलबत्त्यात कुटायचं. चव घेतल्याशिवाय मीठ घालायचं नाही. बहुतेक वेळा लागतच नाही, कारण टमाट्याची दाट झालेली चव मिठाची उणीव भरून काढते. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर सासूबाई आता हीच चटणी चमचाभर खातात आणि वर विचारतात, "यात मोजून घातलंस ना?"

*आलेल्या शंका*

*विकतचे पाकीट चालेल का?* चालेल, पण मागचा तक्ता वाचावा. सोडियम २ ग्रॅम म्हणजे मीठ ५ ग्रॅम, हा हिशोब लक्षात ठेवावा.

*लहान मुलांना?* वर्षाच्या आतल्या बाळाला खारवलेलं काहीच देऊ नये. मोठ्या मुलांना बिनमिठाची पूड खिचडीत चिमूटभर द्यायला हरकत नाही.

*ताजे चांगले की वाळलेले?* हंगामात ताजे, हंगाम नसताना वाळलेले. दोघांचं काम वेगळं आहे.

*या आठवड्याचा घरचा अभ्यास*

महाप्रसादाच्या स्वयंपाकात आपण मीठ हाताच्या अंदाजाने घालतो आणि तो अंदाज सहसा चुकत नाही, कारण ते अन्न आहे तसंच ताटात येतं. पापड, लोणचं, सांडगे, वाळवण यांच्यात पाणी उडतं आणि मीठ मागे उरतं. तिथे हाताचा अंदाज फसतो. म्हणून या आठवड्यात प्रत्येक घरी एकदा वाळवणात घालतो ते मीठ काट्यावर मोजावं. काटा नसेल तर किराणा दुकानात मोजून घ्यावं. जो आकडा येईल तो आपल्या गटात लिहावा. लाजू नका, सर्वांत मोठा आकडा आमचाच आहे.

आणि एक विनंती. तो जुना संदेश अजून कोणाच्या फोनमध्ये असेल तर पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना, विशेषतः ज्या घरी बी.पी. किंवा किडनीचा त्रास असलेलं वडीलधारं माणूस आहे, त्यांना एक फोन करा. लिहिलेलं वाचायचं राहून जातं. फोनवर सांगितलेलं पोचतं. आम्ही आमच्या चारही गटांतल्या घरांना फोन करायला सुरुवात केली आहे. अकरा झाले, बाकीचे या रविवारपर्यंत करू.

सर्वांना निरोगी आयुष्य लाभो 🙏